घराचा कच्चा बेत

ऑफिसात तिला सगळे पुठ्ठेबाई म्हणत. आर्किटेक्टच्या ऑफिसात घरांची, शाळांची, दवाखान्यांची छोटी मॉडेलं करायचं तिचं काम. टेबलावर कायम पुठ्ठ्याचे तुकडे, कटरची पाती, गोंदाच्या बाटल्या आणि बोटाएवढी कागदी माणसं पसरलेली. खिडकी मोठी हवी की लहान, जिना डावीकडे की उजवीकडे, कशावरूनही वाद निघाला की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, “करून बघू या की.” चहात साखर किती घालू विचारलं तरी ही हेच म्हणेल, अशी तिची थट्टा व्हायची. तिला त्याचं काही वाटायचं नाही. कागदावर सगळीच घरं गुणी असतात, उभी राहिली की त्यांचे स्वभाव कळतात, असं तिचं म्हणणं होतं.

तिची थोरली बहीण, ताई, एका मोठ्या शिवणघरात कापड बेतायची. शिवणारे हात पुष्कळ होते, पण कात्री ताईची. लांबलचक टेबलावर कापड पसरलं की ती त्यावरून एकदा तळहात फिरवायची, गुरं थोपटावीत तसं ते थोपटायची आणि मग कात्री अशी चालवायची की बघणाऱ्याने श्वास धरावा.

ताईची नजर कडेकडेने संपायला लागली तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही, अगदी तिच्याही नाही. ती दाराच्या चौकटीला खांदा आपटायची, टेबलावरचे पेले पाडायची आणि “वेंधळी झालेय मी” म्हणून हसायची. मग एक दिवस बहिणीला म्हणाली, “माणसं हल्ली चालत येत नाहीत गं. एकदम उगवतात.” डॉक्टरांनी तपासून सरळ सांगितलं, की नजर अशीच आत आत येत जाणार. आधी खिडकीएवढी, मग नळीएवढी, मग त्याहून बारीक. याला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही, आणि थांबवताही येत नाही.

ताईचा नवरा वायरमन होता. अर्ध्या गावातले दिवे त्याच्या हातचे. डॉक्टरांकडून परत आल्यावर त्याने स्टूल घेतलं, त्यावर चढला आणि घरातला प्रत्येक बल्ब काढून त्याजागी मोठा बल्ब लावला.

त्यांचं घर एका दुकानावर होतं, जिना उभा आणि अरुंद. तिथे पुढे निभायचं नाही हे सगळ्यांनाच दिसत होतं. गावाच्या कडेला त्यांची एक मोकळी जागा पडून होती. तिच्यावर एकमजली घर बांधायचं ठरलं, आणि आराखडा अर्थातच पुठ्ठेबाईकडे आला.

तिने जीव ओतून काम केलं. कोपरे सगळे गोल, म्हणजे लागायला नको. मधल्या भिंती जवळजवळ नाहीतच, म्हणजे आपटायला नको. उंबरा कुठेही नाही. रविवारी सकाळी तिने तो मोठा कागद ताईच्या पुढ्यात पसरला. ताई त्यावर वाकली. तिचा चेहरा कागदावरून हळूहळू सरकत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणि परत.

“कसं वाटतंय?” पुठ्ठेबाईने विचारलं.

“मला एकावेळी एक दार दिसतं. दुसरं दार बघायला गेले की पहिलं हरवतं.” ताई सरळ झाली. “घर काही दिसेना बाई मला यात.”

मग पुठ्ठेबाईने पिशवीतून मॉडेल काढलं. ताईने ते मांडीवर घेतलं आणि बोटांनी चाचपलं. छप्पर उचलून आत अंगठा फिरवला. “गोड आहे,” ती म्हणाली, “पण मी बोटाएवढी नाही ना.”

वायरमन दारात उभा राहून ऐकत होता. तो म्हणाला, “आता चिकित्सा पुरे. गवंडी बोलावू आणि सुरू करू. घर पाहावं बांधून, असं म्हातारी माणसं उगाच नाही म्हणत.”

ताईने मान वर केली. “म्हणजे पाहायचं असेल तर बांधायलाच पाहिजे, असंच ना? मग पाहायपुरतं बांधू या.” ती बहिणीकडे वळली. “आमच्याकडे महागाचं कापड आलं की आम्ही त्याला एकदम कात्री नाही लावत. आधी स्वस्त मांजरपाटाचा कच्चा अंगरखा करतो, अंगावर चढवतो, जिथे ओढतंय तिथे उसवतो. माझ्या घराचाही आधी मांजरपाट कर.”

इतकी वर्षं जे ‘करून बघू या’ स्वतः लोकांना ऐकवत आली, तेच ताईच्या तोंडून ऐकताना पुठ्ठेबाईला मोठी गंमत वाटली. थोडी लाजही वाटली, कारण बहिणीच्या घरासाठी मात्र ती करून न बघताच निघाली होती.

ऑफिसकडे एका जुन्या फुलबाजाराची किल्ली होती. बाजार केव्हाच गावाबाहेर गेला होता, आणि त्या रिकाम्या हॉलचं काय करायचं हे अजून कुणाचं ठरत नव्हतं. मोठा लांबरुंद हॉल, वर काचेचं छप्पर, एका बाजूला लिलाव करणाऱ्यांसाठी उंच लाकडी सज्जा. पुठ्ठेबाईने साहेबांना विचारलं, त्यांनी किल्ली काढून दिली.

तिने गावभरातून फ्रिजची आणि कपाटांची खोकी गोळा केली. लाकडी पट्ट्यांच्या चौकटींवर पुठ्ठे ठोकले, पायांशी वाळूच्या पिशव्या ठेवल्या, आणि काचेच्या छपराखाली खऱ्या मापाचं घर उभं राहिलं. तपकिरी, पोकळ, फुंकर मारली तर हलेल असं. छपरातून येणारा उजेड दुधासारखा भिंतींवर सांडायचा. आभाळात ढग सरकला की सगळं घर एकदा सावकाश अंधारायचं आणि परत उजळायचं, जणू कुणी झोपेत कूस बदलतंय. बाजार उठून इतका काळ लोटला तरी फरशीला फुलांचा ओला वास होता.

ताई पहिल्यांदा आली तेव्हा दाराशी थांबली आणि तिने पुठ्ठ्यावर टकटक केलं. आवाज मुळीच आला नाही.

“आहे का कुणी घरात?”

“या, या,” आतून पुठ्ठेबाई म्हणाली. “पसारा आहे, पण या.”

ताईने पर्समधून एक काळा रुमाल काढला आणि डोळ्यांवर घट्ट बांधला. पुठ्ठेबाई दचकली. “अगं, अजून दिसतंय ना तुला. ते कशाला?”

“आज दिसतंय. घर काय आजच्यासाठी बांधतोय? उद्याची रंगीत तालीम आहे ही.” तिने हात पुढे केला. “मला एक पेला पाणी दे. काठोकाठ.”

पाणी हातात घेऊन ती चालायला लागली. स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत जायचं, एवढंच. पहिली काही पावलं ठीक पडली. मग ती त्या मोठ्या, मोकळ्या, भिंती नसलेल्या जागेत आली, जी पुठ्ठेबाईच्या आराखड्यातली सगळ्यात लाडकी जागा होती. तिथे तिची चाल मंदावली. ती उजवीकडे वळली, थबकली, डावीकडे वळली. गोल कोपऱ्यावरून हात फिरवत फिरवत ती नकळत पूर्ण उलटी झाली आणि परत स्वयंपाकघरातच आली.

“पोचले का?”

“नाही, ताई.”

“मला वाटलंच.” ताईने रुमाल वर सरकवला. तिचा पदर भिजला होता. “तुझ्या या कोपऱ्यांना कोपराच नाही गं. कुठे वळले ते कळेल कसं? आणि मधे तर नुसता समुद्र केलायस. हाताला काही लागतच नाही.”

“लागू नये म्हणूनच केलं ना मी.”

“लागलं पाहिजे मला. फार जोरात नको, पण लागलं पाहिजे.”

पुठ्ठेबाईने त्याच दुपारी गोल कोपरे कापून काढले. ताई ज्या ज्या ठिकाणी अडखळली होती तिथे फरशीवर पाणी सांडलं होतं. ते वाळायच्या आत तिने प्रत्येक डागाभोवती खडूची रेघ ओढली. सज्ज्यावर चढून बघितलं तर खाली फरशीवर लहानमोठ्या तळ्यांची रांग दिसत होती. कुठे भिंत हवी आणि कुठे दार, ते त्या तळ्यांकडे बघून तिला कळत गेलं.

मग बहिणींना नादच लागला. ताई सकाळी शिवणघरात जाऊन अजून जमतील तेवढी कामं करायची, तिथून थेट हॉलवर यायची. दर वेळी घर बदललेलं असायचं. कधी न्हाणीघर पूर्वेला गेलेलं, कधी स्वयंपाकघर एका खोलीने पुढे सरकलेलं. एकदा तर ताई सवयीने दारातून शिरायला गेली आणि तिथे खिडकी होती. “चोरासारखी येऊ का आता?” म्हणत तिने खरोखरच पाय वर घेतला.

दुपारी त्या पुठ्ठ्याच्या स्वयंपाकघरात बसून दोघी थर्मासमधला चहा प्यायच्या. ताई मधेच पाहुणी व्हायची, मधेच घरमालकीण. “तुमच्याकडे ऊन छान येतं हो,” म्हणायची, आणि खरंच ऊन छान यायचं, कारण भिंतींना वरून झाकणच नव्हतं. डोळ्यांवर रुमाल ठेवून ती त्या उन्हात चेहरा वर करून बसायची. ढग आला की तिला गालावर कळायचं. “गेला,” म्हणायची थोड्या वेळाने, आणि ढग गेलेला असायचा.

“मी हल्ली झोपेतही इथेच असते,” ताई एकदा म्हणाली. “तू केलेली सगळी घरं एकदमच असतात तिथे. एकातून दुसऱ्यात शिरता येतं. मोडलेल्या भिंतीसुद्धा असतात, पण त्यांच्यातून आरपार चालता येतं. आणि मला सगळं दिसत असतं, कडेचंसुद्धा.”

पुठ्ठेबाई कपातला चहा नुसता हलवत राहिली.

“अगं, रडकं तोंड नको करू. छान वाटतं तिथे.”

वायरमन या सगळ्यापासून लांब होता. बायको आणि मेहुणी मिळून भातुकली खेळतात, असं तो कामावरच्या लोकांना सांगायचा. पण एका दुपारी तो वायरींची वेटोळी आणि मोठमोठे दिवे घेऊन हॉलवर हजर झाला.

“भावोजी, हे काय?”

“खोट्या भिंती चालतात, मग खरा उजेडही चालेल की. घर नीट उजळलेलं असलं म्हणजे निम्मी काळजी मिटते.”

त्याने प्रत्येक खोलीवर दिवे टांगले आणि बटण दाबलं. तपकिरी पुठ्ठे एकदम पांढरे पडले. सावली म्हणून राहिली नाही. ताई मधल्या खोलीत उभी होती. तिने झटकन दोन्ही हातांनी डोळे झाकले.

“अहो, बंद करा.”

“थोडी सवय होऊ दे.”

“टोचतंय ते. डोळ्यात जातं, पण आत पोचत नाही. बंद करा ना.”

त्याने दिवे बंद केले. तो वायर गुंडाळायला लागला. पुठ्ठेबाईने काळा रुमाल त्याच्यापुढे धरला. “एकदा बांधून बघा, भावोजी. तिला नेमकं काय हवं ते कळेल.”

“मी पट्टी बांधणार नाही.” त्याचा आवाज चढला. “मांजरं आहात का तुम्ही दोघी, रोज घर बदलताय ते? तिचे डोळे अजून आहेत. तुम्ही मात्र ते गेल्याचं धरूनच चाललाय.” एवढं बोलून तो गेला. घाईत वळताना त्याच्या खांद्याने एक भिंत पडली, ती उचलायलाही तो थांबला नाही.

घरी तो ताईशी नीट बोलेना. बोलला तरी पलंग कुठून आणायचा, नळ कुणाकडून बसवायचे, एवढंच. ताईने त्याला हॉलवर यायचा आग्रह केला नाही. पुठ्ठेबाईला मात्र रुखरुख लागली. आपण त्याला रुमाल द्यायला नको होता असं तिला वाटत राहिलं. घर हळूहळू शहाणं होत चाललं होतं, ताईच्या पेल्यातलं पाणी कमी कमी सांडत होतं, तरी काहीतरी जमत नव्हतं. ताई आता न अडखळता चालायची, पण चालणं कुणाच्या तरी घरी आल्यासारखं असायचं, बेताचं, अंग चोरून.

“कुठे ओढतंय?” पुठ्ठेबाई विचारायची.

“कळत नाही. मापात बसतंय सगळं. पण अंगावर नाही बसत.”

पुढे एका दुपारी पुठ्ठेबाई सज्ज्यावर बसून एक दार चिकटवत होती. ताई अजून यायची होती. हॉलचं दार हळूच उघडलं आणि वायरमन आत आला. त्याने वर बघितलं नाही. घरासमोर तो बराच वेळ उभा राहिला, मग खिशातून स्वतःचा रुमाल काढला, घडी केली आणि डोळ्यांवर बांधला.

हाक मारावी की नाही, हे पुठ्ठेबाईला ठरवता येईना.

तो आत शिरला. लोकांच्या घरात अंधारात काम करायची त्याला सवय होती, त्यामुळे सुरुवातीला तो ऐटीत चालला. पण ते घर त्याच्या ओळखीचं नव्हतं. ताई आणि पुठ्ठेबाईने इतके दिवस घालवून त्यात ज्या खुणा पेरल्या होत्या, दाराजवळचं गोणपाट, वळणावरची पट्टी, त्यातली एकही त्याला ठाऊक नव्हती. तो बोळात गेला, परत आला, परत त्याच बोळात गेला. वरून बघताना ते फार सोपं दिसत होतं, डावीकडे दोन पावलांवर दार होतं. त्याने भिंतीला हात लावला तर भिंत हलली, तसा त्याने हात मागे घेतला. मग झोपायच्या खोलीच्या मधोमध तो थांबला, आणि थोड्या वेळाने तिथेच फरशीवर बसला. रुमाल काढला नाही.

तेवढ्यात ताई आली. तिने दाराशी आपला रुमाल बांधला आणि रोजच्यासारखी चालायला लागली. झोपायच्या खोलीच्या दारात ती थबकली.

“कोण आहे?”

उत्तर आलं नाही.

“अहो,” ताई म्हणाली, “खिशातले स्क्रू वाजतायत तुमच्या.”

तो हसला की काय झालं, ते वरून कळलं नाही. ताई आवाजाच्या दिशेने पुढे गेली, तिचा पाय त्याच्या गुडघ्याला लागला आणि ती त्याच्याशेजारी बसली. दोघांच्या डोळ्यांवर रुमाल. वरून काचेतून ऊन पडत होतं आणि चार पुठ्ठ्यांच्या मधे ती दोघं बसली होती, जत्रेत चुकलेली पोरं कुणीतरी नेईल म्हणून वाट बघतात तशी.

“मला दार सापडेना,” तो म्हणाला.

“सापडतं हळूहळू.”

“लोकांच्या घरात दिवे लावत हिंडलो. कुठे काही बिघडलं की माणसं मला बोलावतात. आणि तुझ्या बाबतीत...” त्याने वाक्य सोडून दिलं.

ताईने त्याचा हात शोधून आपल्या हातात घेतला. “मला काय भीती वाटते सांगू? पडायची नाही. पडले तर उठेन. तुम्ही घरातच असाल आणि मला कळणारच नाही, ही भीती वाटते. तुम्ही मुळात कमी बोलता. आता मी तुम्हाला बघते म्हणून ते चालतं. पुढे तुम्ही कोपऱ्यात बसून असाल आणि मी रिकाम्या घरात बसल्यासारखी बसेन.”

एक ढग येऊन गेला.

“मी आत्ता गप्प बसलो होतो, तरी ओळखलंस,” तो म्हणाला.

“स्क्रूंमुळे. रोज खिशात थोडेच असणारेत?”

“ठेवीन की.”

ताई हसली आणि मग रडली, आणि पुठ्ठेबाई वर सज्ज्यावर गोंदाचा ब्रश हातात धरून बसून राहिली. तो हातातच वाळून गेला. आपण इतके दिवस भलताच प्रश्न विचारत होतो, असं तिला वाटलं. ताई कुठे धडपडेल हे ती शोधत होती, आणि ताईला घरातलं माणूस कुठे आहे ते हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून हॉलवर तिघं यायला लागली. घर पुन्हा उसवलं. बंद खोल्यांच्या भिंती बुटक्या केल्या, खऱ्या घरात छपराखाली फट राहील अशा, म्हणजे एका खोलीतलं खोकणं दुसरीत कळावं. वायरमनचं कामाचं टेबल मागच्या अंगणात जाणार होतं, ते उचलून घराच्या मधोमध आणलं. ज्या समुद्रात ताई हरवली होती, तिथे आता त्याच्या पक्कड-हातोडीचं बेट झालं.

जमिनीची कल्पना वायरमनची. जन्मभर तो वायरी ओढता ओढता लोकांच्या माडीवरच्या कुरकुरणाऱ्या फळ्याही घट्ट करून देत आला होता. आता त्याने कुठूनतरी जुन्या फळ्या आणल्या, त्या खोल्याखोल्यांत अंथरल्या आणि मुद्दाम सैल करत बसला. फळी किती सैल असली म्हणजे बोलते आणि किती सैल असली म्हणजे भांडते, हे ठरवायला मेहुणीला तिच्यावरून पुन्हा पुन्हा चालायला लावायचा.

“भावोजी, ही फार चुगलखोर आहे.”

“अगं, थोडी आवळतो. ही बघ आता.”

“आता मुकीच झाली.”

“नवऱ्यासारखी,” आतल्या खोलीतून ताईचा आवाज आला, “मुकी नको, एवढंच बघा.”

दाराजवळ एक आवाज, स्वयंपाकघरात दुसरा, पलंगाशी तिसरा, असं करत करत त्याने घराला बोलायला शिकवलं. ताई मधल्या खोलीत रुमाल बांधून बसायची आणि ती दोघं चोरपावलांनी फिरायची. “तू खिडकीपाशी. तुम्ही मोरीपाशी, आणि एका पायावर उभे आहात.” तो खरोखरच एका पायावर उभा असायचा.

शेवटी एक दिवस ताईने काठोकाठ पेला घेतला आणि साऱ्या घरातून फिरून आली. पुठ्ठेबाई मागे मागे फरशीकडे बघत चालली होती. फक्त टेबलापाशी थोडं पाणी सांडलं होतं, कारण तिथे वायरमनने वाटेत तिच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती हसली. काय सांगितलं ते पुठ्ठेबाईला कुणी सांगितलं नाही.

ताईने उरलेलं पाणी पिऊन टाकलं. “झालं. आता कापड कापायला हरकत नाही.”

गवंडी लागले तसं पुठ्ठ्याचं घर मोडायची वेळ आली. पुठ्ठेबाईने आजवर कितीतरी मॉडेलं टोपलीत टाकली होती, त्यामुळे आपल्याला काही वाटेल असं तिच्या मनात नव्हतं. पण ताईने एकेका खोलीत जाऊन भिंतीला हात लावला, काहीतरी पुटपुटली आणि मग झोपायच्या खोलीची भिंत आपल्या हाताने सोडवली. वाळूची पिशवी ओढताच पुठ्ठा सावकाश, अगदी सावकाश आडवा झाला, हवेवर तरंगत असल्यासारखा. संध्याकाळपर्यंत हॉल रिकामा होता. काचेतून येणाऱ्या उजेडाला आता अडवायला काही नव्हतं. तो सरळ फरशीवर उतरला, आणि तिथे खडूच्या पुसट रेघा तेवढ्या दिसत होत्या. तिघंही थोडा वेळ त्या रेघांच्या बाहेर उभी राहिली, कुणी आत पाऊल टाकेना.

खरं घर उभं राहीपर्यंत ताईची नजर सुईच्या नेढ्याएवढी झाली होती. समोरच्या माणसाचा एक डोळा दिसायचा, किंवा ओठांचं टोक. रुमालाची गरज राहिली नव्हती.

राहायला गेले त्या सकाळी ती दारातून एकटी आत गेली. पुठ्ठेबाई आणि वायरमन मागे थांबले. पहिली फळी बोलली, दुसरी बोलली. ताईची पावलं हातात दोरी असल्यासारखी सरळ पडत होती. वळण आलं, तिचा हात आपोआप उठला आणि भिंतीच्या धारेला लागला. ती स्वयंपाकघरात गेली, टेबलाला वळसा घातला, झोपायच्या खोलीकडे निघाली. पुठ्ठेबाईने नकळत रोखून धरलेला श्वास सोडला.

आणि धडाम्‌ आवाज झाला.

वायरमन धावला. सगळ्या फळ्या एकदम ओरडल्या. झोपायच्या खोलीच्या दारात ताई फतकल मारून बसली होती, शेजारी बादली आडवी, आणि दाट रंगाचा ओघळ तिच्या पावलावरून जमिनीभर पसरत चालला होता. रंगारी मागच्या दाराने धापा टाकत आला. शेवटचा हात मारायचा राहिला होता म्हणून बादली तिथेच ठेवून तो ब्रश धुवायला गेला होता.

“वाटेत ठेवतात का बादली?” पुठ्ठेबाई त्याच्यावर ओरडली. “एवढं सगळं करून बघितलं आणि...”

“बादली नव्हती गं आपल्याकडे,” ताई म्हणाली. तिचे खांदे हलत होते. रडतेय असं वाटून वायरमन खाली बसला, तेव्हा कळलं की तिला हसू आवरत नव्हतं. “पुठ्ठ्याच्या घरात सगळं होतं, बादली तेवढी नव्हती. लागलं नाही मला, ओरडू नको त्याच्यावर. मला आधी एक सांगा, कुठला रंग आहे हा?”

“पिवळा,” वायरमन म्हणाला.

“पिवळा कुठला भावोजी, सायीसारखा आहे,” पुठ्ठेबाई म्हणाली.

“डब्यावर मोतिया लिहिलंय, बाई,” रंगारी खाली मान घालून म्हणाला.

“तीन माणसं आणि तीन रंग,” ताई म्हणाली. तिने पाऊल वर उचलून डोळ्यांजवळ आणायचा प्रयत्न केला, पण ते काही जमेना. मग वायरमनने ते आपल्या मांडीवर घेतलं आणि रुमालाने बोटांच्या बेचक्यांतला रंग पुसायला लागला. ताईने भिंतीला डोकं टेकवलं. उघड्या खिडकीतून वारा येत होता आणि भिंतींचा ओला वास खोल्याखोल्यांतून हिंडत होता.

“सावकाश पुसा,” ती म्हणाली. “गुदगुल्या होतात.”